लागीबाईंची धक्क्यावरची शाळा

सालेलोलोगा बंदराच्या धक्क्यावर बोटीचे दोर ओढण्यात तवितानं वीस वर्षं काढली. पण तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, व्हायला इंग्रजीचा पेपर आडवा यायचा. दोनदा आपटला. नामसमूह ओळखायला सांगितला, की गडी एकटं नाम अधोरेखित करून मोकळा! शेवटी गावच्या जुन्या मास्तरीण, सत्तरीच्या लागीबाई, छत्री घेऊन धक्क्यावरच येऊन बसल्या.

“समोर काय दिसतंय?”

“बोटीच्या नाळेवरचा गंजका लाल नांगर, बाई.”

“त्याच्या जागी नुसतं ‘तो’ ठेवायचं, तर काय काय उचलशील?”

“सगळंच की! निम्मा नांगर कोण उचलतो?”

“मग पेपरात निम्मा का सोडतोस, रेड्या?”

तिसऱ्या खेपेला तविता पास झाला. सांगायला पळत आला, तर बाई दुसऱ्याच नापासाचा कान धरून बसलेल्या.