अडकलेला अंतरपाट

आत्याच्या नातीचं लग्न गंगाखेडला होतं आणि आत्या परभणीत पलंगावर. खुब्याचं हाड मोडलेलं, डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलेलं. ही नात तिनेच लहानाची मोठी केली, त्यामुळे ऐन 'सावधान'ला आपल्या हातच्या अक्षता पडल्याच पाहिजेत, असा तिचा हट्ट. त्यावर तोडगा म्हणून आमच्या घराण्याने लाइव्हची सोय केली. फोटोवाल्याच्या पॅकेजात ड्रोन होता, धूर सोडायचं यंत्र होतं, त्यातच लाइव्हही बसत होतं. मला मोबाइलमधलं कळतं अशी घरात अफवा असल्याने लग्नाचं जेवण सोडून मला आत्यापाशी बसवण्यात आलं.

सुरुवात झकास झाली. तासभर आम्ही एका आचाऱ्याची पाठ इतकी स्वच्छ पाहिली की त्याच्या शर्टाची उसवलेली शिवणही दिसली. मग नवरदेव आला, नवरी आली, अंतरपाट धरला गेला. आत्याने वाटीतल्या अक्षता मुठीत घेतल्या. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं.

"काय झालं रे? भटजी थांबले का?"

"भटजी नाही, नेट थांबलंय."

"मग त्यान्ला सांग की, जरा दमानं घ्या म्हणावं."

मी फोटोवाल्याला फोन लावला.

"सर, सगळ्यांचंच अडकायलंय," तो शांतपणे म्हणाला. "पण त्यान्ला समोर दिसायलंय की."

"सगळे म्हणजे कोण?"

"मंडपातले."

लिंक आत्यासाठी काढलेली. ती एका हौशी मामाने सगळ्या ग्रुपांवर टाकली होती आणि अख्खं वऱ्हाड समोरचं लग्न सोडून आपण त्यात दिसतो का, हे मोबाइलमध्ये शोधत होतं. कार्यालय गावाबाहेर, टॉवर एकच. चित्र बाहेर जायची वाट पाहुण्यांनी स्वतःचीच तोंडं बघण्यासाठी अडवून धरली होती. एवढ्या आपुलकीने लग्न बघणारी माणसं हल्ली कुठे मिळतात?

थोड्या वेळाने त्याच मामाचा फोन आला. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, जिलेबी लय भारी झालीय. मी आत्याला सांगितलं. तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

"न्हाई पडल्या. मला दिसायलंय की. अंतरपाट हाय अजून."

तिने अक्षता वाटीत परत टाकल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. मला त्या सगळ्या वऱ्हाडाचा असा संताप आला की जिलेबीचा विचारही सुचला नाही.

संध्याकाळी फोटोवाल्याने उदार होऊन पूर्ण रेकॉर्डिंग पाठवलं. फाइल मोठी, पण ती पूर्ण उतरायची वाट बघावी लागत नाही. जेवढी आली तेवढी बघत राहायची, मागून उरलेली येत राहते. शिवाय आता अडवायला पाहुणे नव्हते. मी विचारलं, "आचारी पुढे ढकलू का?"

"लग्न काय ढकलायची गोष्ट हाय?" आत्या म्हणाली. आम्ही ती पाठ पुन्हा पाहिली.

अंतरपाट धरला जात होता तेवढ्यात दारात गाडी थांबली. वरात नवरदेवाच्या गावी, वालूरला निघालेली, नवरीने हट्टाने गाडी आमच्याकडे वळवली होती. मागची मंडळी घाई करत होती. नवरा-नवरी पाया पडायला वाकली तशी आत्याने हात वर केला.

"थांब. अजून लग्न लागलं न्हाई तुझं."

सासरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. नवरीने मोबाइलकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि त्या जड शालूसकट पलंगावर बसली. नवरदेव बिचारा उभाच राहिला. शेवटचं मंगलाष्टक संपलं, पडद्यावरचा अंतरपाट खाली आला आणि आत्याने मूठभर अक्षता नातीच्या डोक्यावर टाकल्या.

"आता जा," ती म्हणाली.

कार्यालयात मेकअपच्या काळजीने डोळ्यांत टिपूसही न आणलेली नवरी आत्याच्या गळ्यात पडून रडली. गाडीचा हॉर्न वाजत राहिला, आणि जा म्हणणाऱ्या आत्याने तिचा हात काही सोडला नाही.