वाडीला एक घरघंटी

ये गो मनू, अशी जवळ बस. तू डोंबिवलीला आहेस हे मला ठाऊक आहे, पण लिहिताना समोर कुणी बसलेलं असल्याशिवाय माझा हात चालत नाही. तर बस, आणि आधी चार शब्द ऐकून घे. परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, कांदा चिरायचं चार्जिंगचं यंत्र मागवलं, पण धुवायचा कंटाळा येतो, म्हणून कपाटावर टाकलंय." अगो, दोन माणसांचं घर तुमचं, कांदा असा लागतो किती? कुणाला विचारून तरी घ्यायचं! तर उलट मलाच म्हणालीस, "विचारू कुणाला?"

आमच्या वाडीत हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. इंदूवयनीला विचारायचं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, आणि वाडीच्या टोकाला, जिथे डांबर संपतं, तिथे तिचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा विरारला. बाई उंचीने बेताची, आवाज मात्र खालच्या वळणापर्यंत जाणारा. नवी वस्तू हातात आली की ती आधी उलटी करायची. वायर कुठून निघते, पाय रबराचे आहेत की नुसत्या प्लॅस्टिकचे, सगळं खालून बघायची. "वरून समद्याच गोऱ्या असतात गो," म्हणायची, "खाली बग."

हे तिच्या अंगावर पडलं त्याला कारण झालं. एका गणपतीत मुंबईहून आलेल्या माणसांनी तीन घरांत एकच वस्तू आणली, विजेवर भाकरी करायचं यंत्र. आपली तांदळाची भाकरी त्यात दाबली की चारी बाजूंनी फाटायची. तिघींनी ते निमूट माळ्यावर टाकलं आणि एकमेकींना कळू दिलं नाही. इंदूवयनीला कुठून सुगावा लागला कोण जाणे. आरतीला सगळ्या जमलेल्या, तिथेच तिने तोफ डागली, "लग्नाचा मोठा टोप घरटी घेता काय गो? देवळाच्या खोलीत वाडीचा एक हाय, लागंल त्यानं न्यावा, घासून आनून ठेवावा. मंग ह्या यंत्रांना येगळा कायदा कशाला?"

तेव्हापासून तसंच ठरलं. वस्तू वाडीत एकदाच घ्यायची, एका घरी ठेवायची, आणि ज्याला लागेल त्याने त्या घरी जायचं. कपडे वाळवायचा तो तंबू असतो ना, आत गरम हवा सोडणारा, तो शेजारच्या भागीरथीच्या सुनेकडे, नीलमकडे. आमच्याकडचा पाऊस तुला माहीत आहे, आठवडा आठवडा चड्ड्या-बनियन ओलेच. सगळ्या वाडीच्या लहान मुलांचे कपडे त्या तंबूत वाळायचे. बीपीचं यंत्र माझ्याकडे. लाईट गेली तरी जळत राहणारे बल्ब तेवढे घरटी घ्यायला तिने मोकळीक दिली. "उजेड उसना मागायचा नाय कुनाकडं," म्हणाली.

खरेदीला महाडला जायचं तर ती बरोबर हवीच. चवदार तळ्याच्या रस्त्याला एक भांड्यांचं दुकान आहे, तिथला शेठ तिला पाहिलं की पाण्याचा ग्लास आधी पुढे करायचा, मग कपाळाला हात लावायचा. एकदा त्याने नारळ खोवायचं नवं यंत्र दाखवलं. खाली रबराची वाटी, खटका दाबला की जागेला चिकटणारी. काचेच्या काउंटरवर असं बसलं की हलेना. "ओढा मावशी, ओढून बघा!" शेठ खुशीत. वयनीने ओढलं, मान डोलावली आणि विचारलं, "काउंटर पन देनार काय सोबत?" शेठला कळेना. "नाय, आमच्याकडं जमीन शेनाची हाय. ती काय ह्याला धरून ठेवायची नाय." दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली, पण शेठने मागून कडाप्प्याचा एक तुकडा आणून दिला तेव्हाच सौदा झाला. ते यंत्र अजून चालतं आहे, चांगली वस्तू. तू घेतलंस तरी चालेल.

दसऱ्याला ती हळदीकुंकवाची वाटी आणि झेंडूची फुलं घेऊन घरोघरी फिरायची. कोयत्याला, नांगराला जसं वाहतात तसं तंबूला, बीपीच्या यंत्राला, सगळ्यांना एकेक फूल. भागीरथीचा नवरा थट्टा करायचा, "वयनी, आमच्या रिमोटला पन वाहा, तो काम करीत नाय." ती म्हणायची, "भावजी, मंग तुमाला पन वाहायला पायजे."

तिच्या स्वतःच्या घरी घरघंटी होती. वाडीला ती एकच. भाकरीचं पीठ सगळ्यांनाच लागतं, म्हणून तिच्या पडवीला तांदळाचे डबे कायम ओळीने लावलेले. दळून झालं तरी डबा लगेच मिळायचा नाही. "गरम पीठ झाकलं का घाम धरतं. पसर कागदावर आन् बस." ते खरंच आहे गो, पीठ निवायलाच हवं. पण ते निवेपर्यंत चहा व्हायचा, कुणाची लेक माहेरी आली, कुणाचं दुखतंखुपतं, सगळं त्या पडवीत निघायचं. दुपारभर घरघर चालू आणि त्यावरून बायकांचा आवाज.

मग घरोघरी मोबाईलवरून वस्तू यायला लागल्या. मुंबईची मुलं तिकडूनच मागवून पाठवायची. कायदा काही कुणी मोडायला बसलं नव्हतं, तो आपोआप सुटत गेला. आणि वयनीचे गुडघे धरले. डबा उचलताना ती तोंड वेडंवाकडं करायची, ते नीलमने पाहिलं. पोरगी मनाची चांगली. माझ्याकडे येऊन म्हणाली, "मावशी, आम्ही घरची घरघंटी घेतो. वयनींना या वयात किती त्रास द्यायचा?" आणि निवड करायला बरोबर कुणाला न्यावं, तर इंदूवयनीलाच.

मीही गेले त्यांच्याबरोबर. दुकानात शेठने दोन घरघंट्या दाखवल्या. नीलम किंमत विचारत होती तेवढ्यात मी वयनीला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच म्हटलं, "सांग ना हिला, चांगली नसते म्हणून. तुझं ऐकेल ती."

"खोटं सांगू?"

"तुझी पडवी ओस पडेल, वयनी. आज ही घेते, उद्या सगळ्या घेतील."

"म्हाईत हाय मला, सुले." पदराने तिने तोंड पुसलं. "वस्तू चांगली हाय, तिला वाईट कशी म्हनू? मंग उद्या माजं कोन ऐकंल?"

आणि काउंटरकडे जाऊन तिने दोन्ही घरघंट्या आडव्या करून घेतल्या. खालून बघितल्या, जाळी काढून बोट फिरवलं, मूठभर तांदूळ दळायला लावून पीठ चिमटीत चोळलं. मग डावीकडच्या घरघंटीवर हात ठेवला. "ही घे नीलम. पीठ तापत नाय हिचं."

तापत नाही, म्हणजे पसरून बसायलाही नको. ती हे कसं बोलली, आणि किती सरळ आवाजात, ते मला अजून आठवतं.

नीलमची पाहून दुसरीने घेतली, मग तिसरीने. प्रत्येकीने वयनीला विचारूनच घेतली, आणि प्रत्येकीला तिने चांगलीच दाखवली. पडवीतले डबे कमी होत गेले. शेवटी माझ्या एकटीचा राहिला. एका दुपारी मी गेले तर घरघंटी चालू. मला वाटलं, कुणीतरी आलंय. बघते तर ती एकटीच.

"काय दळतेस गो?"

"कालचंच पीठ घातलंय परत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "जाडं वाटत हुतं जरा."

मी चिमटीत घेऊन पाहिलं. रांगोळीसारखं बारीक होतं. मी चहा ठेवला.

शिमगा झाल्यावर मुलगा गाडी घेऊन आला. आईला एकटं ठेवायचं नाही म्हणाला, त्याचंही बरोबर. निघायच्या दिवशी सगळी वाडी तिच्या पडवीत. बसायला जागा नाही, किती दिवसांनी. ती दारात उभी राहून सगळ्यांकडे बघून म्हणाली, "आज बऱ्या आल्यात समद्या! दळन नाय कुनाचं?" आम्ही हसलो. नीलम मात्र मागच्या दारी जाऊन रडली. "मी तिला बरं वाटावं म्हणून घेतली हो मावशी," एवढंच म्हणत राहिली.

विरारहून ती फोन करायची. सून चांगली, नातवंडं चांगली. "पन सुले, हितं समद्यांच्या घरात समदं हाय गो. दार वाजलं का पार्सलवालाच असतो." पुढच्या पावसाळ्यात ती तिकडेच गेली. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

आता वाडीत कुणाचं काही अडत नाही. सुखाचं आहे, मी नाही म्हणत नाही. भागीरथीच्या आणि माझ्या दारात अंगणाचंच काय ते अंतर, पण मध्ये ती आजारी होती ते मला दोन दिवसांनी कळलं. बीपीचं यंत्र आता तिच्याही घरी आहे.

म्हणून सांगते मनू, काही काम नसताना ये. सणाची वाट बघू नकोस, पिशवी भरून आणू नकोस. पोलादपूरला उतरलीस की रिक्षावाल्याला फक्त माझं नाव सांग, तो दारात आणून सोडेल. या रविवारी जमतंय का बघ.