दुधासोबतची गोळी

माझ्या बायकोने थायरॉईडची गोळी एक दिवसही चुकवली नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण दोन वर्षं मी सगळ्यांना उलटंच सांगत होतो.

हसनाबादच्या आमच्या घरात उपाशीपोटी औषध कुणाला देत नसत. पोट जळतं म्हणत. जालन्यात आल्यावरही मी तेच पाळलं. सकाळी स्वतः दूध तापवायचो, पेल्यासोबत गोळी तिच्या हातात द्यायचो आणि वर जळजळीच्या गुलाबी औषधाचं एक झाकण पाजायचो. शेजारणी माझं कौतुक करायच्या. मलाही ते आवडायचं.

पण तिचा चेहरा सुजलेलाच. बसल्या जागी पेंगायची, आवाजही बसलेला. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी रिपोर्ट तसाच. मी ठरवून टाकलं, ही गोळी थुंकते.

"तुमच्या डोळ्यासमोर गिळते ना!"

"गिळतीस, का गालात धरतीस?"

मंठ्याच्या तिच्या धाकट्या भावालाही मी तेच सांगितलं. तो तिला फोनवर रागवायचा.

मग एकदा ती रक्त द्यायला आत गेली असताना डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "गोळी कशी देता?" मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "आजोबा, दुधानं आणि त्या गुलाबी औषधानं गोळी अंगाला लागतच नाही. उठल्यावर नुसत्या पाण्यासोबत द्या. चहा-नाश्ता तासाभरानं, आणि ते औषध चार तासांनी."

घरी मी एवढंच म्हणालो, "डॉक्टरनं टाइम बदललाय."

काही महिन्यांत ती गच्चीवरून भाजीवाल्याला अशी हाक मारायला लागली की अख्खी गल्ली थांबायची! त्या आनंदात खरं कारण सांगायचं मी टाळलं.

मंठ्याला जेवायला गेलो, तेव्हा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "पाह्यलं का दाजी, मी रागावलो म्हणून अक्का सुधरली."

ती मान खाली घालून धपाटा मोडत होती. मी हातातला घास ताटात ठेवला.

"ती सुधरली न्हाई," मी म्हणालो. "ती बराबरच होती. मीच दुधासंगं गोळी देऊन वाया घालवत होतो. मला कळून सहा महिने झाले."

भाऊ ताटावरून उठला. मग खरकट्या हातानेच बहिणीच्या पाया पडायला वाकला. "अक्का, चुकलो."

"अरे, लुगडं खराब करतो का?" म्हणत ती हसत सुटली, इतकी की ठसका लागला. पाणी पिऊन माझ्याकडे वळली. "दोन वर्षं मला झोपा काढायला लावल्या तुमी. आता मरेस्तोवर सकाळचा चहा तुमीच करायचा."

"बिलकुल," भाऊ म्हणाला. मला कुणी विचारलंच नाही.

तेव्हापासून चहा मीच करतो. गोळीनंतर एक तास झाल्याशिवाय आधण ठेवत नाही, आणि तो तासभर ती मला गच्चीवरून शिव्या देते, खणखणीत आवाजात.