कॅलेंडरमागचा बोर्ड

काल्हेरच्या त्या लग्नघराची आठवण आली की आजही तळहाताला चटका बसल्यासारखं होतं.

दुपारी आमच्या पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराकडे फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "कालची आग लागली न्हाय, लावली. सुनंला विचारा." आदल्या दिवशी त्या घरात नवरीच्या साड्या ठेवलेली खोली जळाली होती. माणसं वाचली, शालू गेला. आम्ही 'अकस्मात जळीत' अशी नोंद करून मोकळे झालो होतो. आता जाणं भाग होतं. महिला शिपाई सोबत घेतली.

घरात संध्याकाळच्या हळदीची गडबड. जळक्या खोलीची तार तोडून बाकीची वीज चालू ठेवली होती. आमच्या भागात लग्न एक वेळ पुढे जाईल, हळद जाणार नाही.

सासूने बोटच रोखलं. "हिनंच केलं, सायेब. काल दोनदा घरची लाइट बंद केली. आग लागली तवा त्या खोलीतनं हीच भायेर आली. नणंदेचं लग्न हिच्या डोल्यात खुपतंय."

सून पंचविशीची. तिला मधल्या खोलीत बसवून मी जबाब सुरू केला.

"त्या खोलीत कशाला गेली होतीस?"

"बोर्ड तापत हुता, बंद कराला गेले. महिनाभर सांगतेय, जळका वास येतो. कुनी ऐकला न्हाय. काला डाग पावन्यांना दिसंल म्हनून आईंनी वरती कॅलेंडर टांगला."

खरं सांगतो, मला ती बनेल वाटली. इतकी वर्षं खात्यात काढल्यावर रडणाऱ्यापेक्षा न रडणाऱ्याचा संशय जास्त येतो, आणि ही रडत नव्हती. मी आवाज चढवला. "खरं बोल, नाहीतर गुन्हा दाखल करून घेऊन जाईन." बोलता बोलता मागे भिंतीला हात टेकला. तिथेही कॅलेंडर होतं. कागदावरूनच चटका बसला.

कॅलेंडर उचललं. सॉकेट पिवळं पडून फुगलं होतं, आतून चरचर ऐकू येत होती. भाड्याचा फ्रीजर, मिक्सर, इस्त्री, सगळं त्या एकाच ठिकाणी जोडलेलं. मागच्या खोलीत वीस-पंचवीस बायका, कडेवर पोरं, आणि त्यांची बाहेर पडायची वाट याच खोलीतून. मी प्लग ओढायला गेलो.

"हात नका लावू!" सून ओरडली.

"मेन स्विच कुठंय?"

सासरा दाराकडे, दीर मागच्या खोलीकडे शोधत सुटला. घर त्यांचं, पण मेन कुणाला ठाऊक नाही. मंडपवाल्याने तो पडद्यामागे झाकून टाकला होता. सून धावली, पडदा टराटरा फाडला आणि खटका पाडला. चरचर थांबली. मग बायकापोरांना अंगणात काढलं.

वायरमनला बोलावलं, त्याने बोर्ड उघडला. तार सैल, प्लास्टिक वितळलेलं. जळक्या खोलीतल्या बोर्डाचीही तीच गत. सासू मटकन खाली बसली. "मीच टांगला गो त्यो कॅलेंडर," एवढंच म्हणाली. सुनेने तिला पाणी दिलं. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही, आणि मला फार लाज वाटली.

चेहऱ्यावरून गुन्हा ओळखतो ही माझी घमेंड तिथे उतरली. धोका ज्याला दिसतो तोच त्याच्याजवळ सापडतो, आणि आपण नेमकं त्यालाच धरतो.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, "गीझरच्या बोर्डाबद्दल तू काहीतरी म्हणत होतीस ना?"

"त्याला वर्ष झालं," ती म्हणाली. "गीझर मी लावतच नाही. रोज गॅसवर पाणी तापवून तुमची बादली भरते. तुमच्या ध्यानात नाही आलं?"