आईसाठी उंच केलेली पिकअप

आई गोठ्यात घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला, त्याच वर्षी आमच्या पिकअपला मोठी चाकं बसली. बाहेरच्या माणसाला या दोन गोष्टींचा संबंध लागणार नाही. आमच्या घरात तो अगदी सरळ होता.

खुब्याचं ऑपरेशन दौंडला झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणायचं. खंड पडला तर पाय आखडेल, मग चालणं अवघड आहे. आमची वस्ती मांडवगण फराट्याच्या मळ्यात, गावापासून बरीच आत. वस्तीपासून डांबरीपर्यंत काळ्या मातीचा रस्ता. उसाच्या ट्रॅक्टरांनी दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पाडलेल्या आणि मधला उंचवटा वाळून दगड झालेला. पिकअपचं पोट त्यावर घासायचं. वांगी, कोबी भरून नेताना आम्ही ते वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आता पुढच्या सीटवर आई होती. पोट खाली आपटलं की ती सीटची कड धरून डोळे मिटायची. ओरडायची नाही. ओरडली असती तर बरं, असं मला वाटायचं.

अशा काही फेऱ्या झाल्यावर वडील, म्हणजे आप्पा, म्हणाले, "गाडी उंच करू."

त्या पिकअपनं आम्हाला फार दिलं होतं. तिच्यातून गेलेल्या भाजीवर माझं शिरूरचं कॉलेज झालं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि नुकताच एका कारखान्यात लागलो होतो. पाळ्या बदलून घेत आईच्या फेऱ्यांना यायचो. झोप पुरी होत नसे. आप्पांची त्याहून कमी होई, पण ते बोलून दाखवत नसत.

शिरूरला हमरस्त्याच्या कडेला एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. तिथं आम्ही सकाळी गाडी लावली. चाकांच्या वर पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, त्याला पाटे म्हणतात. गाडीचं सगळं ओझं त्याच्यावर. त्यात आणखी पाटे घालायचे आणि जुनी चाकं काढून मोठी बसवायची, असं ठरलं.

मिस्त्री म्हणाला, "आप्पा, डोंगर चढायचाय व्हय?"

"न्हाई बाबा. घर गाठायचंय."

दिवस सगळा बाकड्यावर गेला. गंजलेले बोल्ट निघता निघेनात. चाकं बसली तर स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासायला लागला. मग मिस्त्रीनं छन्नीनं मडगार्डची कड तोडली आणि ठोकून आत वळवली. आप्पा उकिडवे बसून गाडीखाली पाहत होते. मला म्हणाले, "बघ, कुत्रं खालनं गेलं तरी डोकं लागायचं न्हाई."

परतताना स्टेअरिंग फार जड लागत होतं. प्रत्येक वळणावर आप्पांचा खांदा वर यायचा. पण मळ्याच्या रस्त्याला लागलो आणि उंचवट्यावरून गाडी आवाज न करता निघून गेली, तेव्हा कितीतरी दिवसांनी ते हसले.

वस्तीवर चाकांखाली लिंबं ठेवली. आईला वाकता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या काकूंनी ओवाळलं. लिंबं चिरडून गाडी पुढं आली. आप्पांनी दार उघडलं आणि म्हणाले, "बस, एक चक्कर मारू."

आई वॉकर सरकवत दारापाशी आली आणि थांबली. गाडीत पाय ठेवायची जागा जवळजवळ तिच्या कमरेला आली होती.

आम्ही पुरुष दांडी धरून गाडीत उडी मारतो. चढायला किती उंच आहे हे आमच्या पायांना कधी कळलंच नव्हतं. शेवटी काकू म्हणाल्या, "भावजी, हे तर उडायचं इमान केलंत."

आई म्हणाली, "अवो, आता शिडी बी आणा."

पुढच्या फेरीला आम्ही तिला उचलून बसवलं. आप्पांनी काखेत धरलं, मी पाय धरले. दौंडला दवाखान्याच्या फाटकासमोर तसंच उतरवलं. रिक्षावाले, पेशंटचे नातेवाईक, सगळे बघत होते. आईनं पदर तोंडावर ओढून घेतला.

त्यात आणखी एक झालं. नवे पाटे ताठ, गाडी मोकळी. पोट आपटत नव्हतं, पण आता अख्खी गाडीच उडत होती. भरलेली पिकअप मऊ चालते, हे आमच्याकडं कुणालाही ठाऊक असतं. मग आप्पांनी खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली आणि मागं रचली. गाडी थोडी दबली, थोडी मऊ झाली. दिवसभर बसून वर उचललेली गाडी आम्ही आता माती टाकून खाली दाबत होतो. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हसलो असतो. तेव्हा हसायचंही त्राण नव्हतं.

त्यानंतरच्या फेरीला आई उठलीच नाही. "मी न्हाई येत. पोत्यावानी चढवायचं, पोत्यावानी उतरवायचं. पाय ऱ्हायला तर ऱ्हाऊ द्या."

"डॉक्टर काय म्हणले, ठावं हाय ना?" आप्पा म्हणाले.

"डाक्तरला उचला मग."

ती फेरी चुकली, पुढचीही चुकली. खाटेवर बसून ती पाय वर घ्यायची, पण पहिल्याइतका येत नव्हता. ते आम्ही तिघांनीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा एकटेच गाडी घेऊन शिरूरला गेले. दिवस मावळताना परत आले ते जुन्या चाकांवर. मोठी चाकं आणि काढलेले पाटे मागं हौद्यात पडले होते. मडगार्ड तेवढं तुटकंच राहिलं. "मिस्त्री म्हणला, डोंगर सपला का," एवढंच त्यांनी सांगितलं आणि ते जेवायला बसले.

सकाळी त्यांनी कुदळ काढली. रस्ता सगळ्या भावकीचा होता, त्यामुळं आजवर त्याला कुणी हात लावला नव्हता. आम्ही दोघं मधला उंचवटा खणू लागलो. आप्पा खणायचे, मी फावड्यानं माती चाकोरीत ओढायचो. हाताला फोड आले. उसाची ट्रॅक्टरं येऊन पुन्हा तेच करून जायची, आणि दौंडच्या फेरीच्या आधी आम्ही पुन्हा खणायचो. हंगाम संपेपर्यंत हेच चाललं.

आई मात्र पुन्हा येऊ लागली. आधी सीटच्या कडेला टेकायची, मग एकेक पाय हातानं आत घ्यायची. आम्ही नुसतं दार धरून उभे. वेळ लागायचा, पण तिला कुणी हात लावलेला चालत नव्हता.

एका सकाळी आम्ही खणत होतो आणि मागून आवाज आला, "तिथं न्हाई. हिकडं घासतंय."

वळून पाहिलं तर आई होती. वॉकर नव्हता; हातात काठी होती. वस्तीपासून तिथवर एकटी चालत आली होती. काठीच्या टोकानं तिनं बाभळीजवळचा उंचवटा दाखवला. "हितं. मला बसल्या जागी कळतं."

आप्पा कुदळीवर टेकून तिच्याकडं पाहत राहिले. "एवढं लांब चालत आलीस?"

"मग? गाडी कवा नीट हुईल, त्येची वाट बघत बसू?"

आप्पांनी पुन्हा कुदळ उचलली आणि ती दाखवत होती तिथं घातली.