जोडीणीची ओळ

चूक माझी होती, आणि ती मी मन लावून केली. एका बाईच्या गाण्यातल्या सगळ्या शांत जागा मी कापून टाकल्या.

सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेली, तेव्हा मी विद्यापीठात डिजिटल संगीत तंत्रज्ञानाच्या वर्गाला जाऊ लागलो. वर्गातली मुलं मला अंकल म्हणत. शेवटच्या प्रकल्पासाठी आपल्या भागातलं एखादं गाणं रेकॉर्ड करून ते आजच्या श्रोत्यांसाठी तयार करायचं होतं. मला आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मोरवे गावच्या मावशी आठवल्या. गावातल्या लग्नांत विधींच्या वेळी गायचे धवले त्याच म्हणत.

आमच्या हॉलमध्ये, पंखा बंद करून, त्या गायल्या. एक ओळ गात आणि थांबत. पुन्हा एक ओळ, पुन्हा तेवढंच थांबणं. स्क्रीनवर त्या जागी नुसती सपाट रेघ. मला वाटलं, दम लागतोय, वय झालंय. सॉफ्टवेअरमध्ये अशा जागा एका फटक्यात काढता येतात. मी त्या काढल्या, खाली ठेका घातला. सरांनी ते सगळ्या वर्गाला ऐकवलं. मी मोठ्या कौतुकाने फाइल मावशींच्या मुलाला पाठवली आणि ती गावभर गेली.

त्या हिवाळ्यात मोरव्यात एका हळदीला तीच फाइल स्पीकरवर लागली. मावशी गायला म्हणून नटून आल्या होत्या, पण त्यांना कुणी माइक दिला नाही. मीही तिथेच होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटत होता.

दोन दिवसांनी त्या दारात आल्या. मासळीची पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "दादा, यात माजी जोडीन कुटं हाय?"

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. धवला दोघींनी म्हणायचा असतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने तीच उचलून पुन्हा म्हणायची. त्यांची जोडीण तीन वर्षांपूर्वी वारली होती.

"तिची ओल मी तिला सोडते. तू तिला हाकलून लावलीस. यात मी एकलीच धावते."

तेव्हाच पाय धरायला हवे होते. मी मात्र त्यांना समजावत बसलो, की हल्ली लोकांना धीर नसतो, मध्ये शांतता आली की ते गाणं बदलतात. त्यांनी ऐकून घेतलं, पाटी उचलली आणि गेल्या.

पुढे त्यांना लग्नांची बोलावणी येईनाशी झाली. मी मूळ रेकॉर्डिंग त्यांच्या मुलाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "ही फाइल खराब हाय काका, मधी मधी आवाज जातोय." मग मी ते कुणालाच पाठवलं नाही. माझी फाइल किती फोनांत आहे, मला माहीत नाही. ती आता कुणालाच परत घेता येणार नाही.

यंदा मावशींनी दारावर येणंही थांबवलं. एका दुपारी मी मोरव्याला त्यांच्या घरी गेलो. त्या ओट्यावर सुके बोंबील निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच बोललो.

"मावशी, तुमच्या जोडीणीची जागा मी कापली. तुम्ही सांगितलंत, तरी मी तुम्हालाच शिकवत बसलो. ते आता मला निस्तरता येणार नाही. चुकलो मी, मला माफ करा."