ग्रीसचा हात

फिटर पहाटे सव्वाचारला उठला. कारखान्याला सुट्टी होती, पण पहिल्या पाळीची चौतीस वर्षं अंगात मुरली की अंगाला सुट्टी कळत नाही. दात घासले, चहा स्वतः केला, कप विसळून पालथा घातला आणि सून उठायच्या आत तिचा कॉम्प्युटर उघडायला बसला.

सून घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची. दोन वर्षं तिने दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या होत्या. आता कुठे आर्किटेक्टने एक अख्खा दवाखाना तिच्या हाती दिला होता. नकाशे त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत पोचायला हवे होते. नाही पोचले तर काम दुसऱ्याकडे जाईल, हे त्याने फोनवर फार गोड आवाजात सांगितलं होतं. मशीन मात्र थकलं होतं. एक भिंत सरकवली की ते मिनिटभर विचार करायचं.

त्यावर उपाय म्हणून मेमरीची नवी पट्टी घरात येऊन पडली होती. फिटरच्या दोन रविवारच्या जादा पाळीची कमाई. सुनेचं म्हणणं होतं, आधी आजचं काम पोचू द्या, उद्या दुकानदाराला बोलावून बसवून घेऊ. फिटरला ते पटलं नाही. पाच इंचांची पट्टी खाचेत बसवायला माणूस बोलवायचा, म्हणजे शर्टाचं बटण लावायला शिंपी बोलवण्यातला प्रकार.

फिटरचं काम पंपदुरुस्तीचं. कारखान्यात त्याला 'उस्ताद' म्हणत, आणि तो खोलीत नसला की आणखी काही म्हणत. त्याचा एक नियम होता: कोरडं लोखंड कोरड्या लोखंडात बसवायचं नाही. या नियमाने किती पंप वाचले ते तो सांगायचा, विचारलं नाही तरी.

त्याने झाकण काढलं. जुनी पट्टीही बाहेर काढली, कारण काम करायचं तर पुरतं करायचं. दोन्ही पट्ट्या सुनेच्या कागदावर ठेवल्या, धूळ झटकली, खालच्या पिवळ्या दातांवर ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि मगच बसवल्या. लोण्यात सुरी जावी तशा गेल्या. फिटरला समाधान वाटलं. आजकालच्या पोरांना हे कोण शिकवतं?

बटण दाबलं. पंखा फिरला. मग तीन लांब शिट्ट्या वाजल्या आणि पडदा काळाच राहिला.

शिट्ट्यांनी सून उठून आली. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"बाबा, काय केलंत?"

"काही नाही. पट्टी बसवली."

"आज?"

फिटर घाईने मशीनवर वाकला. त्याने नवी पट्टी काढली आणि नुसती जुनी ठेवून बटण दाबलं. तीन शिट्ट्या. जुनी काढून नुसती नवी लावली. तीन शिट्ट्या.

"नकाशे आतच आहेत," सून म्हणाली. "रात्री केलेला जिना दुसरीकडे कुठेच नाही." ती रडली नाही. रडली असती तर फिटरला बरं वाटलं असतं.

नऊ वाजता मुलाला फोन लावला. मुलगा परगावी कॉम्प्युटरच्याच कंपनीत होता. तिथे तो नेमकं काय करतो हे त्याने घरात तीनदा समजावलं होतं आणि घराने तिन्ही वेळा मान डोलावली होती.

"बंद करून चालू करा, बाबा."

"केलं."

"परत करा."

"चारदा केलं. तू याच कामाचा पगार घेतोस ना रे?"

"माझं काम वेगळं आहे. मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बघतो."

संध्याकाळी बघून उपयोग नव्हता, पण मीटिंग मोठी असावी.

शिट्ट्या ऐकून शेजारचे निवृत्त हेडक्लार्क आले. गल्लीत त्यांना 'सर्वज्ञ' म्हणत आणि त्यांना ते कौतुक वाटे. हात पाठीमागे बांधून त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली.

"व्हायरस," ते म्हणाले.

"पट्टी बदलल्यावरच कसा आला?"

"संधी साधली असणार."

साडेअकराला दुकानदार आला. उंबऱ्यात उभं राहून, हेल्मेटसुद्धा न काढता त्याने शिट्ट्या ऐकल्या.

"जुनी पट्टी लावून बघितली?"

"बघितली. तेच."

"मग बोर्ड गेला. नवा परवा येईल."

"उघडून तर बघ," फिटर म्हणाला.

"उघडायचं काय काका, आवाजावरून कळतं."

 पंपाला कान लावून "बेअरिंग गेलं" असं फिटर स्वतः चौतीस वर्षं सांगत आला होता. पण निदान कान तरी लावायचा. हा हेल्मेट घालून ऐकत होता.

दुकानदार गेला. सून फोन घेऊन खिडकीशी उभी राहिली. आर्किटेक्टला नाही म्हणायचं ते कोणत्या शब्दांत, याची जुळवाजुळव चालली होती. फिटर वीजपुरवठ्याला नावं ठेवू लागला, मग पट्टी विकणाऱ्याला, मग हल्लीच्या मालाला.

बायको मघापासून भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, काल चालत होतं ना?"

"चालत होतं."

"कारखान्यात असं झालं की तुम्ही लोकांना काय सांगता?"

"सांगतो, कालच्या आणि आजच्या मध्ये कुणाचा हात लागला ते शोधा."

"मग शोधा की. फार लांब जायला नको."

फिटर टेबलाशी आला. पहाटे ज्या कागदावर पट्ट्या ठेवल्या होत्या तो तिथेच होता. मघाशी काढून ठेवलेल्या पट्टीच्या खाली कागद पारदर्शक झाला होता. तेल उतरलं होतं. पिवळे दात खाचेला टेकायला हवे होते, त्यांतून वीज जायला हवी होती, आणि मध्ये हा ग्रीसचा थर. पंपात जो नियम देव होता, तो इथे भूत होऊन बसला होता.

"सूनबाई, फोन ठेव," तो म्हणाला. "बोर्ड गेलेला नाही. मी ग्रीस लावलं. चूक माझी."

कारखान्यातलं कुणी तिथे असतं तर साक्षीला सह्या घेतल्या असत्या.

सुनेने फोन खाली ठेवला. "ग्रीस? मेमरीला?"

"पातळ हात होता."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. बायकोनेही भाजी बाजूला ठेवली.

पलीकडच्या नर्सबाईंकडून स्पिरिट आणलं. फिटरने मशीनची वायर भिंतीतून काढली आणि दातन्‌दात पुसला. खाच अवघड होती. जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या, स्पिरिटात बुडवल्या, खाचेत घालून ओढल्या. कागद काळा निघाला. दुसरा करडा. एकोणिसावा पांढरा निघाला, तरी विसावा घातला. सव्वा तास लागला. लावायला पाच मिनिटं लागली होती. चुकीचं असंच असतं, करताना हात हलका असतो.

सगळं वाळल्यावर एकच पट्टी बसवून बटण दाबलं. एक छोटी शिट्टी, आणि पडदा उजळला. दुसरी बसवली, तीही चालली. पण मशीनला सकाळपासून इतक्या वेळा बंद-चालू केलं होतं की ते स्वतःची तपासणी करत बसलं.

"बाबा, तुम्ही इथे बसा. शंभर टक्के झाले की हाक मारा. मी दोन घास खाते."

फिटर सुनेच्या जागेवर बसला. जेवणाच्या टेबलाची खुर्ची होती ती, वर उशी घातलेली. टेबल उंच, त्यामुळे कोपर अधांतरी. पाठ टेकायला गेलं तर हात पोचेना, हात पोचवला तर पाठ टेकेना. वीस मिनिटांत त्याची मान धरली. कारखान्यात असं कामाचं ठिकाण दिसलं असतं तर त्याने मुकादमाला चारचौघांत फैलावर घेतलं असतं. इथे ती दोन वर्षं दहा-दहा तास बसत होती, आणि मशीन मंद आहे एवढंच त्याला दिसलं होतं.

तपासणी संपली. जिना जागेवर होता. आता भिंती सरकवल्याबरोबर सरकत होत्या. पावणेपाचला नकाशे गेले, पाच वाजून दहा मिनिटांनी आर्किटेक्टचा फोन आला. पुढच्या महिन्यात एका शाळेचं काम आहे, कराल का, असं त्याने विचारलं. सून "करते" म्हणाली आणि दोन्ही हात मानेमागे दाबून बसली.

फिटरने आणखी तीन रविवार जादा पाळी केली. मग खुर्च्यांच्या दुकानात जाऊन एका खुर्चीवर तो तासभर बसून राहिला. विक्रेत्याने दोनदा विचारलं, "काका, बसवायची का गाडीत?" फिटर म्हणाला, "थांब, अजून मान दुखायची वेळ झाली नाही." दुखली नाही, तेव्हा पैसे मोजले. घरी आणून सुनेला तीवर बसवलं आणि तिचे कोपर टेबलाशी बरोबर येईपर्यंत तो खुर्चीचा दांडा वरखाली करत राहिला.